दिवसभर रानात राबलं, मग रात्री साखर का घसरली?

सोयाबीन काढणीचे दिवस होते. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातलं आमचं गाव. मजूर मिळेनात, आभाळ भरून येत होतं, म्हणून बासष्ट वर्षांचे अण्णा स्वतःच विळा घेऊन पातीला लागले. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मधे फक्त जेवणापुरते बांधावर टेकले. घरी येऊन पाय धुतले आणि साखर तपासली. १३८. एरवी संध्याकाळी दोनशेच्या खाली आकडा दिसत नसे. "बघ, गोळ्या-इंजेक्शनापेक्षा काम भारी," असं आईला म्हणाले, जेवणाआधीचं नेहमीचं सोळा युनिट इन्सुलिन घेतलं, दोन भाकरी आणि पिठलं खाल्लं आणि झोपले.

रात्री अडीचला त्यांच्या पुटपुटण्यानं आईला जाग आली. बंडी घामानं चिंब, हात थरथरताहेत, डोळे उघडे आहेत पण समोर कोण आहे ते कळत नाही. "कसंतरी होऊलालंय," एवढंच दोनदा म्हणाले. मी दसऱ्याच्या सुट्टीला घरीच होतो. बोटाला सुई टोचून पट्टी लावली तर आकडा ४१. तेवढं गिळता येत होतं म्हणून आईनं साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. वीस मिनिटांनी ते उठून बसले आणि आमच्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही सगळे का उठून बसलाव रे?" मधलं काहीच त्यांना आठवत नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. इन्सुलिन म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण दुपारी केलेल्या कामानं रात्री अडीचला साखर पडू शकते, हे मला माहीत नव्हतं. अण्णांना सहा वर्षं इन्सुलिन चालू होतं. तेवढ्या वर्षांत कुणी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही दिवसभर काम काय करता. त्या रात्रीनंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं आणि घरच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिलं, ते इथे मांडतो. मधुमेह आता शहरातल्या बसक्या माणसांचा आजार राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि त्यातले कितीतरी जण दिवसभर उन्हात राबणारे आहेत.

हौद, विहीर आणि दारं धरणारा माणूस

ही गोष्ट पाण्याच्या भाषेत सांगतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला पाणी कुठून येतं, कुठे साठतं आणि कुठे मुरतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

रक्त म्हणजे हौद समजा. या हौदातलं पाणी म्हणजे ग्लुकोज, आपण ज्याला साखर म्हणतो ते. हौद किती लहान आहे याचा अंदाज बहुतेकांना नसतो. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं, आणि साखर १०० असते, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, तेव्हा त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असतं. चहाचा एक चमचा, बस. एवढ्याशा हौदावर मेंदू रात्रंदिवस चालतो. म्हणून तो जरा खाली गेला की माणूस लगेच बावचळतो.

विहीर म्हणजे यकृत. तिथे साधारण शंभर ग्रॅम साखर साठवलेली असते आणि जेवण नसेल तेव्हा मोटर लावल्यासारखी ती हळूहळू हौदात येत राहते. शेत म्हणजे अंगातले स्नायू: मांड्या, पोटऱ्या, पाठ, दंड. या शेताला तहान फार. चारशे ग्रॅमच्या आसपास साखर ते स्वतःत मुरवून ठेवू शकतं.

आणि इन्सुलिन म्हणजे खोरं घेऊन दारं धरणारा माणूस. त्याची कामं दोन. पहिलं सगळ्यांना माहीत आहे: तो वाफ्यांची दारं उघडतो आणि हौदातलं पाणी शेतात जातं. दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही, पण आपल्या विषयासाठी तेच महत्त्वाचं आहे. तो मोटरवाल्याला हात करून सांगतो, "बंद कर, सध्या पाणी पुरे." म्हणजे अंगात इन्सुलिन जास्त असलं की यकृत साखर सोडायची थांबतं.

टाइप २ मधुमेहात दारांपाशी गाळ साचलेला असतो. माणूस खोऱ्यानं ओढतोय, पण पाणी पुढे सरकत नाही. टाइप १ मध्ये दारं ठीक असतात, दारं धरणारा माणूसच नसतो. तो रोज बाहेरून, सुईतून आणावा लागतो.

शेत स्वतःच दार उघडतं

आता खरी गंमत. स्नायू काम करू लागला, आखडू-सैल होऊ लागला, की तो इन्सुलिनची वाट बघत नाही. पेशीच्या आत ग्लुकोज वाहून नेणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं दडलेली असतात. इन्सुलिन आलं की ती पेशीच्या कडेला येऊन दार उघडतात, हे खरं. पण स्नायूच्या हालचालीनंही तीच प्रथिनं कडेला येतात, आणि तो मार्ग इन्सुलिनच्या मार्गापेक्षा वेगळा आहे. म्हणून टाइप २ मध्ये इन्सुलिनच्या वाटेत गाळ असला तरी ही दुसरी वाट बऱ्यापैकी मोकळी असते. वीस मिनिटं चालून आलं की साखर उतरलेली दिसते, ती याच वाटेनं.

ही जाण नवीन नाही. इन्सुलिन टोरंटोत १९२१ मध्ये सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला टोचलं गेलं, आणि १९२६ मध्येच लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांनी लिहून ठेवलं की व्यायामानं इन्सुलिनचा जोर वाढतो. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते, इन्सुलिनवर जगत होते. आपल्याकडे तर सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णाला शंभर योजनं चालायला नाहीतर विहीर खणायला सांगितलंय. विहीर खणणं काय असतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला हा डोस किती जबर आहे ते कळेल.

मधुमेह नसलेल्या माणसाच्या अंगात काम सुरू झाल्यावर सगळं आपोआप जुळतं. शेत स्वतःच दारं उघडतंय हे कळताच स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं. दारं धरणारा खोरं खांद्यावर टाकून घरी जातो. मोटरवाल्याला "बंद कर" म्हणणारं कुणी उरत नाही, उलट ग्लुकागॉन नावाचं दुसरं संप्रेरक "चालू कर" म्हणतं, आणि यकृत जेवढी साखर खर्च होतेय तेवढी हौदात ओतत राहतं. असा माणूस दहा तास सोयाबीन कापत राहिला तरी त्याची साखर नव्वदच्या आसपास टिकून राहते.

टोचून घेतलेलं इन्सुलिन मात्र माघारी बोलावता येत नाही. एकदा सुईतून आत गेलं की ते आपल्या वेळेपर्यंत बांधावर उभं राहणार. म्हणजे एकीकडे शेतानं स्वतःची दारं उघडली आहेत, दुसरीकडे हा माणूसही दारं उघडतोय, आणि वर मोटर बंद ठेवायलाही सांगतोय. चमचाभर साखरेचा हौद. तो रिकामा व्हायला किती वेळ लागणार?

इन्सुलिन घेणाऱ्याला कामात साखर घसरण्याचा धोका असतो तो यामुळे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्याही स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढत राहतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांनाही हा धोका आहे. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर तो फारच कमी. म्हणून आपण नेमकी कुठली गोळी घेतो, तिचं नाव माहीत असायला हवं. "साखरेची पांढरी गोळी" एवढ्या माहितीवर भागत नाही.

मग रात्री अडीचलाच का?

अण्णांचा आकडा संध्याकाळी १३८ होता. काम थांबलं होतं, पोटभर जेवले होते. तरी साडेआठ तासांनी साखर ४१. हे कोडं सुटलं तेव्हा मला काळी जमीन आठवली. उन्हाळ्यात आपली जमीन भेगाळते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी वर दिसतच नाही, सगळं भेगांत जातं. दिवसभर राबलेल्या स्नायूचं तसंच होतं. त्यानं आपला साठा कामात खर्च केलेला असतो, आणि काम थांबल्यावर तो साठा परत भरायला घेतो. तासाभरात हे संपत नाही, रात्रभर चालतं. शिवाय राबलेल्या स्नायूला इन्सुलिनचा एरवीपेक्षा जास्त गुण येतो. हा परिणाम चोवीस तास, कधी अठ्ठेचाळीस तासही टिकतो. काम संपल्यावर साधारण सहा ते पंधरा तासांच्या टप्प्यात, म्हणजे नेमकी झोपेत, साखर खाली जाते.

त्यात अण्णांचं इन्सुलिन ३०/७० चं. खेड्यापाड्यात बहुतेकांना हेच असतं, सकाळ-संध्याकाळ दोनदा. यातला तीस टक्के भाग जेवणापुरता लगेच काम करतो, आणि सत्तर टक्के भाग हळूहळू चढतो. संध्याकाळी सात-आठला घेतलं की त्या सत्तर टक्क्यांचा जोर मध्यरात्रीच्या आसपास येतो. तिकडे तहानलेली जमीन, इकडे भर जोरातलं इन्सुलिन, आणि मोटर बंद. संध्याकाळचा १३८ हा आकडा खोटा नव्हता, पण तो त्या क्षणाचा होता. हौदाची पातळी दिसली. जमीन अजून किती पाणी ओढणार आहे, ते त्यात दिसत नव्हतं.

त्यामुळे "काम केलं, साखर छान आली" म्हणून तो दिवस संपला असं धरायचं नाही. माझ्या मते इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला, प्रत्येक मजूर बाईला ही एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला हवी.

मृगापासून सुगीपर्यंत बदलणारा डोस

"आम्ही शेतकरी, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" हे वाक्य मी पारावर कितीदा तरी ऐकलंय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. शेतीचं काम वर्षभर सारखं नसतं. मृगाच्या पेरणीला धावपळ, मग खुरपणी आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी, भाद्रपद-आश्विनात काढणी आणि रास, त्यानंतर हरभऱ्याची पेरणी. आणि एप्रिल-मेमध्ये? लिंबाच्या सावलीला बसणं, लग्नं, जेवणावळी. बरीचशी नांगरटही आता ट्रॅक्टरनं होते.

राबण्यानं आलेला इन्सुलिनचा गुण काम थांबल्यावर दोन-तीन दिवसांत ओसरू लागतो. म्हणूनच डॉक्टर सांगतात की व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. आता विचार करा. मे महिन्यात बसून असताना साखर वाढते, दवाखान्यात जाता, डोस वाढवून मिळतो. जूनमध्ये पेरणी सुरू होते आणि डोस तोच राहतो. अण्णांचं अगदी असंच झालं होतं. त्यांचा सोळा युनिटचा डोस मे महिन्यातल्या आकड्यांवर ठरला होता.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या भावा-बहिणींचं तर याहून अवघड. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, पहाटे अंधारात फडात उतरायचं, जेवण कधी होईल त्याचा नेम नाही, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा. गावात बसून ठरलेला डोस घेऊन असा माणूस फडावर गेला तर पहिल्या आठवड्यातच त्याची साखर कोसळू शकते. निघण्याआधी डॉक्टरांना "मी उद्यापासून तोडणीला चाललोय" हे एक वाक्य सांगितलं, तर डोस बदलून घेता येतो.

डोस किती कमी करायचा? तुमचा आकडा मी लिहिणार नाही आणि कुणी लिहिलेलं वाचून तुम्हीही करू नका. जेवणाआधीचं इन्सुलिन, रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन आणि ३०/७० यांचे हिशेब वेगवेगळे आहेत. कामाच्या जोरानुसार जेवणाआधीच्या डोसात पाव ते पाऊण कपात करण्यापर्यंत डॉक्टर जातात, रात्रीच्या डोसात साधारण पाचवा हिस्सा. अण्णांना नव्या डॉक्टरांनी राबायच्या दिवशी संध्याकाळी सोळाऐवजी तेरा युनिट सांगितलं, आणि झोपताना आकडा १४० च्या खाली दिसला तर अर्धी भाकरी आणि कपभर दूध. हा त्यांचा हिशेब, त्यांच्या वहीतल्या आकड्यांवरून काढलेला. तुमचा तुमच्या वहीतून निघेल. इन्सुलिन मनानं पूर्ण बंद करणं मात्र कधीच नको. टाइप १ मध्ये तर ते जिवावर बेततं.

कधी कधी साखर उलटी वाढते

आमच्या शाळेत नववीत एक मुलगा आहे, टाइप १ चा, कबड्डीत चढाई करणारा. एकदा सामन्याआधी १६० साखर होती आणि खेळून आल्यावर २४०. तो रडकुंडीला आला, "सर, खेळल्यावर कमी होते म्हणाला होतात ना?"

जोराचं, झटक्याचं काम असतं तेव्हा, म्हणजे चढाई, शंभर मीटर पळणं, जड पोतं एकदम उचलणं, तेव्हा ॲड्रेनॅलिन उसळतं. ते यकृताला म्हणतं, "मोटर पूर्ण सोड." खर्च होते त्याहून जास्त साखर हौदात येते आणि आकडा चढतो. सकाळी उपाशीपोटी जोरात व्यायाम केल्यावरही काहींना असंच दिसतं. हे बहुधा तास-दोन तासांत आपोआप उतरतं. धोका पुढे आहे: २४० बघून घाबरून कुणी जास्तीचं इन्सुलिन टोचलं, तर ॲड्रेनॅलिन ओसरल्यावर तेच इन्सुलिन आणि तहानलेले स्नायू मिळून रात्री साखर पाडतात. त्या मुलाच्या आईला मी दारात उभं राहून हे समजावलं. पाणी पाज, थांब, तासाभरानं परत तपास, आणि आज रात्री एकदा उठून बघ.

उलट आकडा २५० च्या वर असेल, इन्सुलिन चुकलेलं असेल, मळमळ, पोटदुखी, धाप असेल, लघवीत कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारे घातक पदार्थ) दिसत असतील, तर व्यायाम करून साखर उतरवायला जायचंच नाही. अशा वेळी बांधावर दारं धरणारा माणूसच नसतो. तुम्ही पळाल तर मोटर आणखी जोरात चालेल, साखरही वाढेल आणि कीटोनचं विषही. आधी दवाखाना.

घाम कुणाचा, उन्हाचा की साखरेचा?

साखर घसरली की घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, भूक खवळते, चिडचिड होते, मग डोळ्यांपुढे अंधुक आणि बोलणं अडखळत. रानात काम करणाऱ्याची अडचण अशी की यातली निम्मी लक्षणं उन्हात राबणाऱ्या कुणालाही असतात. घाम तर सगळ्यांनाच येतोय. म्हणून शंका आली की काम थांबवून तपासायचं, पट्टी नसेल तर सरळ साखर खायची. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम तेवढा उरतो. आणि काल एकदा साखर पडली असेल तर आज शरीर इशारा उशिरा देतं, हेही लक्षात ठेवा. लागोपाठच्या दुसऱ्या दिवशी जास्त जपायचं.

७० च्या खाली आकडा गेला की तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. पंधरा ग्रॅम हे माप, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, वर आली नसेल तर परत तेवढंच. आपल्याकडे अशा वेळी पेढा, शेंगदाण्याचा लाडू किंवा भाकरी पुढे करतात. मायेनं करतात, पण तूप-तेल आणि पीठ पोटातून हळू पुढे सरकतं आणि वेळ त्या मिनिटांचीच असते. आधी साखर, आकडा वर आल्यावर भाकरी. माणूस शुद्धीत नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. श्वासनलिकेत गेलं तर वेगळंच संकट. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या आमच्या भागातच जास्त लागू पडतात. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच सायकल मारली किंवा चालायला निघालं तर ते लवकर रक्तात उतरतं. त्या दिवशी पोटावर टोचा. ऊनही तेच करतं, गरम अंगात इन्सुलिन झपाट्यानं शोषलं जातं. आणि बाटली मोटारसायकलच्या डिकीत ठेवून रानात नेली तर बेचाळीस अंशात ती खराबच होते, मग साखर का उतरत नाही ते कळत नाही. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं गाडगं, नाहीतर पिशवीत बांधून माठात, सावलीला. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळीनं लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही जातं, म्हणून ती घेणाऱ्यांनी उन्हात पाण्याची बाटली हाताशी ठेवावी.

जे शेतात नाहीत, दुकानात, कार्यालयात बसून आहेत, त्यांना आठवड्याला १५० मिनिटं जोराचं चालणं हा जगभर मान्य झालेला आकडा आहे. त्याच्या जोडीला दोन-तीन दिवस ताकदीचं काम: उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलणं. स्नायू वाढला म्हणजे शेत वाढलं, पाणी मुरायला जागा वाढली. नियमानं केलं तर तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सीचा आकडा साधारण अर्धा ते पाऊण टक्क्यानं उतरतो. एखाद्या गोळीएवढाच हा गुण आहे. आपली शतपावली तर मला फार मोलाची वाटते, फक्त शंभर पावलं पुरत नाहीत. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर चढणारी साखर तिथेच बरीच अडते, आणि पोटात अन्न असल्यामुळे घसरण्याचा धोकाही कमी.

तुळजापूरला पायी जाताना

आश्विनात, कोजागरीच्या सुमाराला, आमच्याकडचे लोक तुळजापूरला पायी निघतात. अण्णाही दरवर्षी जात. त्याआधी नऊ दिवसांचं नवरात्र, कुणी नुसत्या पाण्यावर, कुणी भगर-साबुदाण्यावर, कितीतरी जण अनवाणी.

उपवासात यकृताची विहीर आधीच खाली गेलेली असते. त्यात दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चाल, आणि इन्सुलिन नेहमीचंच. हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नका, असं मी हात जोडून सांगतो. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना चालण्याचं अंतर आणि उपवासाचा प्रकार दोन्ही सांगा. खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या, आणि ती कशासाठी आहे ते बरोबरच्या माणसाला माहीत असू द्या. दर तासाला थोडं काही खा. मुक्कामाच्या रात्री झोपण्याआधी साखर तपासा, कारण खरी घसरण तेव्हाच असते.

आणि चप्पल-बूट. जुन्या मधुमेहात पायांची जाणीव जाते. काटा रुतला, डांबरानं तळवा भाजला तरी कळत नाही, आणि तीच जखम पुढे बोटावर, पायावर बेतते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा अंगठा असाच गेला. दृष्टीच्या पडद्यावर रक्तस्राव झालेल्यांनी जड ओझं उचलू नये, चालताना छातीत दाब आला तर तिथेच थांबावं, हेही त्यातच आलं.

अण्णा गेल्या वर्षी चालले. पायात बूट आणि जाड मोजे होते, एकादशी सोडून उपवास नव्हता. पहिल्या मुक्कामी झोपताना १२६ आली. त्यांनी दूध घेतलं, दोन बिस्किटं खाल्ली, आणि पहाटे तीनला गजर लावून परत पाहिलं: १०४.

घरी त्यांच्या इन्सुलिनच्या डब्याला आईनं एक चिठ्ठी चिकटवली आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यावर ठळक अक्षरात लिहून दिलंय. डाव्या बाजूला "घरी बसून: १६", उजव्या बाजूला "रानात: १३". संध्याकाळी सुई भरायच्या आधी आई विचारते, "आज काय काय केलंव?" अण्णा सांगतात, दोन पाती खुरपल्या, पाइप ओढले, बैलाचा चारा आणला. मग ती चिठ्ठीकडे बघते.